पावणेदहाचा आकडा

माझ्या सेवापुस्तकात एकच लाल शेरा आहे. समितीपुढे चुकीचा आकडा दिला, असा. तो आकडा चुकीचा नव्हता. एकोणीस वर्षांत मी दिलेल्या आकड्यांत तोच सगळ्यात खरा होता, आणि हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलंय.

मी कुरेबायाशी. दिसायला बेताची, बोलायला फटकळ, लग्न राहून गेलं ते गेलंच. मिजास केली ती एकाच गोष्टीची: कुरेबायाशीचा आकडा शिळा निघत नाही. आमच्या खात्यात हे शिपायापासून वरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. माझं काम न्यायमंत्र्यांची उत्तरं लिहिण्याचं. संसदेच्या समितीत सभासद न्यायाबद्दल, तुरुंगांबद्दल विचारणार, मंत्री उभे राहून उत्तर देणार, आणि ते उत्तर आदल्या दिवशी आम्ही लिहून ठेवलेलं असणार. सभासद प्रश्न आधी कळवतात. आम्ही त्यांच्या खोलीवर जातो, नेमकं काय हवंय ते विचारून घेतो, उत्तर लिहितो, वरच्या सात जणांचे शिक्के मिळवतो आणि सकाळी चिठ्ठ्या लावलेली जाडजूड फाइल मंत्र्यांच्या हातात ठेवतो. बाहेरच्या लोकांना हे नाटक वाटतं. वाटू दे. माणसाच्या जिवाच्या गोष्टींवर मंत्र्याने मनचं काहीतरी ठोकून द्यावं, त्यापेक्षा हे बरं.

आमचे तेव्हाचे मंत्री इसोगाई. माणूस वाईट नव्हता. आवाज खणखणीत, वाचन स्वच्छ, आणि समोर असेल ते सगळं वाचायचे. एकदा मी समासात पेन्सिलीने ‘इथं पाणी प्यावं’ असं लिहिलं होतं, तर तेही त्यांनी भर समितीत वाचून दाखवलं आणि मग खरोखरच पाणी प्यायले. समिती पोट धरून हसली. त्या दिवसापासून कागदावर काय लिहायचं याबद्दल मी ताकही फुंकून पीत असे.

त्या सोमवारी दुपारी मी विरोधी पक्षाच्या कामेदांच्या खोलीवर प्रश्न घ्यायला गेले. कामेदा म्हातारे, खडूस, आणि आमच्या खात्यावर त्यांचा दात होता. त्यांच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, डोक्यावर विणलेली टोपी, पायाशी सफरचंदांची पिशवी. कामेदांनी ओळख करून दिली: या तोमोए सासामोरी, लांब उत्तरेकडून, आओमोरीहून आल्यात, उद्या मागे बसून ऐकणार आहेत.

नाव ऐकलं आणि मी ओळखलं. योशिओ सासामोरीची ही थोरली बहीण. योशिओला फाशीची शिक्षा कायम होऊन बावीस वर्षं झाली होती, आणि फेरसुनावणीसाठी त्याचा तिसरा अर्ज कोर्टात पडून होता. तो निर्दोष आहे असं बाई म्हणत. तो आहे की नाही, हे माझ्या टेबलावर ठरत नव्हतं.

कामेदांचे प्रश्न तीन होते. पहिले दोन नेहमीचे. तिसरा: शिक्षा कायम झालेले आणि आज जिवंत असलेले फाशीचे कैदी किती? मला जरा हसू आलं. हाच प्रश्न ते गेले कित्येक आठवडे दर मंगळवारी विचारत होते. मी म्हटलं, साहेब, हा आकडा तर मी तुम्हाला फोनवरही देईन, त्यासाठी मंत्र्यांना कशाला उठवता?

उत्तर बाईंनी दिलं. आमच्याकडे फाशीचा दिवस कोणाला आधी सांगत नाहीत. कैद्याला त्याच सकाळी कळतं आणि घरच्यांना सगळं उरकल्यावर. त्या म्हणाल्या, “माझ्या भावाबद्दल काहीही विचारलं तरी तुमचे मंत्री म्हणतात, वैयक्तिक प्रकरणावर बोलणं टाळतो. आकडा मात्र सांगतात. मग मी म्हटलं, आपण आकडाच विचारू. गेल्या मंगळवारी एकशे सात होते. उद्याही एकशे सात असतील, तर तो आहे. माझा आठवडा निघतो.”

कोर्टात नवीन शिक्षा कायम झाली की आकडा वाढतो, तेही त्यांनी धरलं होतं. रोज पेपर चाळून त्या हिशेब जुळवत होत्या आणि या आठवड्यात वाढ नव्हती. मला त्यांचं कौतुक वाटलं. आमच्या खात्याला एवढ्या अचूक बाईची गरज होती. त्या कौतुकाच्या भरात मी छाती पुढे काढून सांगून बसले की बाई, उद्या मंत्री उभे राहतील तेव्हा त्या घटकेचा आकडा सांगतील, शिळा आकडा मी देत नाही. त्यांनी मला दोन सफरचंदं दिली. नको म्हटलं तर कामेदा म्हणाले, घ्या हो, दोन सफरचंदांत तुमचं सरकार विकलं जात नाही. मी घेतली.

मंगळवारी सकाळी समिती नऊला सुरू झाली. कामेदांची पाळी दहाच्या सुमाराला होती. मी समितीबाहेरच्या व्हरांड्यातून आमच्या नोंदणी शाखेत फोन लावला. फाइलमध्ये एकशे सात लिहिलेलं होतं, पण तो सोमवार संध्याकाळचा आकडा होता, आणि मी शब्द दिला होता. फोन कावानोने उचलला. ती त्या शाखेत बदलून येऊन दोनच आठवडे झाले होते. तिनेही काल संध्याकाळचाच आकडा वाचून दाखवला. मी भडकले. म्हटलं, कालचा मला पाठ आहे, मला आत्ताचा हवाय, उठा आणि नोंदवही बघा. ती बिचारी उठली, बघून आली आणि म्हणाली, एकशे सहा.

आता तुम्ही विचाराल, तुझ्या मनात पाल चुकचुकली नाही का? नाही चुकचुकली. त्या एकशे सातांत निम्मे सत्तरीच्या पुढचे. तुरुंगातल्या दवाखान्यात कोणी ना कोणी म्हातारा जायचाच. आणि संसद चालू असताना आमच्याकडे फाशी देत नाहीत. असा नियम कुठं लिहिलेला नाही, पण घरात बूट घालून शिरायचं नाही हेही कुठं लिहिलेलं नसतं. मी कागदाची पट्टी कापली, तिच्यावर ‘सकाळी पावणेदहा वाजता, एकशे सहा’ असं लिहिलं, जुन्या आकड्यावर चिकटवली आणि कडेला माझा शिक्का मारला. बाईंची आठवण झाली, खोटं कशाला बोलू. एकशे सहा ऐकून त्या घाबरतील, तेव्हा पुढे ‘आजारपणामुळे’ असं काही जोडावं, असं क्षणभर वाटलं. पण विचारलं नाही ते लिहायचं नाही, हा आमचा दंडक. मी फाइल मंत्र्यांपुढे सरकवली आणि त्यांच्या मागच्या रांगेत, आमच्या विभागप्रमुख नागुमोंच्या शेजारी जाऊन बसले.

बाई शेवटच्या भिंतीपाशी घडीच्या खुर्चीत होत्या. पिशवी मांडीवर. मला बघून त्यांनी मान लववली.

कामेदांनी तिसरा प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न बघता ते पुढचा कागद चाळू लागले, कारण उत्तर त्यांनाही पाठ होतं. इसोगाई उठले आणि त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं: आज सकाळी पावणेदहा वाजता, एकशे सहा.

कामेदांचा हात थांबला. नागुमो माझ्या शेजारी एकदम ताठ झाले. मी मागे वळून पाहिलं तर बाई उभ्या राहिल्या होत्या. तिथं बसणाऱ्याने उभं राहायचं नसतं, बोलायचं नसतं. रखवालदार त्यांच्याकडे गेला, पण त्यांना हात लावायचं धाडस त्याला झालं नाही.

कामेदांनी विचारलं, “गेल्या मंगळवारी एकशे सात होते. एक माणूस कुठं गेला?”

इसोगाईंनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की वैयक्तिक प्रकरणावर बोलणं ते टाळू इच्छितात. कामेदा म्हणाले, मी नाव विचारत नाही, तो आजाराने गेला की तुम्ही नेलात, एवढंच सांगा. मंत्र्यांनी फाइलचं पान उलटलं, परत उलटलं, आणि मागे आमच्याकडे पाहिलं. मी त्यांचा तो चेहरा कधी विसरणार नाही. त्यांना सगळं माहीत होतं. हुकमावरची सही त्यांचीच होती. वाचताना मात्र त्यांनी फक्त वाचलं होतं.

दोन्ही बाजूंचे सभासद उठून अध्यक्षांच्या टेबलाभोवती जमा झाले. अध्यक्ष म्हणाले, लेखन थांबवा. हाताने लिहून घेणारं आता तिथं कोणी बसत नाही, तरी तोच शब्द चालतो. तो उच्चारला की घड्याळ थांबतं, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत जे बोललं जाईल ते कुठंच नोंदलं जात नाही.

नागुमोंनी तोंडाला फाइल लावून मला विचारलं, हा आकडा कुठून आणलास? मी कावानोचं नाव सांगितलं, वेळ सांगितली. ते डोळे मिटून म्हणाले की अकरा वाजता मंत्री पत्रकारांना सांगणार आहेत, तोवर आकडा कालचाच ठेवायचा असतो, हे त्या कावानोला कोणी सांगितलं नाही का?

तेव्हा मला कळलं. संसद चालू असताना! मी विचारलं, “कोण?”

“सासामोरी. सव्वाआठला.”

मी मागे बघू शकले नाही. बघितलं असतं तर बाईंना माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसलं असतं, एवढी अक्कल तेवढ्यातही होती. नागुमो भराभर लिहीत होते. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. तिच्यावर होतं: मघाचा आकडा ही कर्मचाऱ्याच्या हातून झालेली चूक, बरोबर आकडा एकशे सात, दिलगीर आहे.

मी म्हटलं, साहेब, हे खोटं आहे. ते म्हणाले की खोटं नाही, काल संध्याकाळचा आकडा तोच आहे, आपण वेळ सांगत नाही एवढंच. शिवाय घरच्यांना तुरुंगाकडून रीतसर कळायला हवं, समितीत असं फुटलं तर बाईचीच विटंबना होईल. मग हळू आवाजात म्हणाले, “आकडा तुझा, दुरुस्तीही तुझीच. जा, दे.”

फाइलमधल्या चुकीची चिठ्ठी जिचा शिक्का तिनेच न्यायची, ही आमची रीत. मी नाही म्हणू शकले असते का? शकले असते. काय झालं असतं? फार तर नोकरी गेली असती. हा हिशेब मी नंतर खूपदा केला. त्या वेळी मी उठले, चार पावलं चालले, वाकले आणि चिठ्ठी मंत्र्यांच्या हातात दिली. एकोणीस वर्षांची सवय होती, पाय आपोआप चालले.

घड्याळ सुरू झालं. इसोगाईंनी चिठ्ठी वाचली, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. कर्मचाऱ्याची चूक, एकशे सात, दिलगीर. कामेदांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. त्यांना शंका आली होती, पण त्यांचा वेळ संपला होता. समितीत कोणीतरी म्हणालं, यापेक्षा मंत्र्यांना पाणीच प्यायला सांगा, आणि लोक हसले. भिंतीपाशी बाई खाली बसल्या आणि टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं.

पुढचे प्रश्न दुसऱ्या विभागाचे होते, म्हणून मी बाहेर आले. दहा चाळीस झाले होते. बाई व्हरांड्यात माझी वाट बघत उभ्या होत्या. मला बघताच त्या पुढे आल्या आणि कमरेत वाकल्या, अगदी खोल. उठल्या आणि परत वाकल्या. मग त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

“अगं पोरी, जीव घेतला असतास माझा,” त्या म्हणाल्या. “पाय गळून गेले बघ. पण सरकारी माणसं चुकतात हे ऐकून आज पहिल्यांदा बरं वाटलं.”

आणि हसल्या. त्या सुटल्या होत्या, भीती उतरली की माणूस बोलत सुटतं तशा. वरिष्ठ तुला बोलले का, बोलले असतील तर मनाला लावून घेऊ नकोस, माझ्या नवऱ्याच्याही हातून पेढीत असंच व्हायचं. मी आता अकरा वीसच्या गाडीने निघते. वाटेत उतरून योशिओला भेटते, साडेतीनपर्यंत तुरुंगाची भेटीची खिडकी उघडी असते ना? आज त्याला हे सांगितलं तर तो पोट धरून हसेल, की ताई, मंत्र्यांनी मला दहा मिनिटं मारून परत जिवंत केलं. गेल्या खेपेला त्याच्यासाठी लोकरीची बंडी दिली, ती त्यांनी घेतली. सफरचंदं घेतात की नाही, माहीत नाही. घेतात का गं?

माझ्या डोळ्यांपुढे ती खिडकी आली. मी ती पाहिलेली आहे. काचेमागे माणूस असतो, तो कागद बघतो आणि म्हणतो, जरा बसा. या बाई तिथं सफरचंदांची पिशवी घेऊन बसणार. गाडीत यांना कोण सांगणार? यांच्याकडे मोबाइल नव्हता. तुरुंगाचा फोन आओमोरीतल्या रिकाम्या घरात वाजत असणार, बहुतेक त्या क्षणीही वाजत होता. अकराला वीस मिनिटं होती, आणि त्या वीस मिनिटांत हे सांगणं म्हणजे सरळसरळ गुन्हा होता.

रीतसर म्हणे. कसली रीत आणि कसलं काय. माझा हात अजून त्यांच्या हातात होता.

“बाई,” मी म्हटलं, “एकशे सहाच बरोबर होता.”

त्या हसतच होत्या. शब्द कानात शिरले होते, पण अर्थ अजून पोचला नव्हता. मग हसू राहिलं तसंच राहिलं आणि डोळे बदलले. त्यांनी विचारलं नाही की एक कोण. माझ्या तोंडाकडे त्या बघत राहिल्या. मी मान खाली घातली. माझ्या आयुष्यात मी एवढंच एक उत्तर कोणाचा शिक्का न घेता दिलं.

त्या किंचाळतील असं मला वाटलं. कोसळतील असंही वाटलं, म्हणून मी दुसरा हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. पिशवी खाली ठेवून त्यांनी विचारलं, “किती वाजता?”

“सव्वाआठला.”

सव्वाआठला मी स्टेशनवर भाताचा गोळा खात होते, त्या म्हणाल्या. तो गोळा आलुबुखाराचा होता, हेही त्यांनी सांगितलं. व्हरांड्यातून दोन शिपाई फायलींची गाडी ढकलत गेले, आम्ही भिंतीला सरकलो आणि त्यांना वाट दिली. बाई मनात काहीतरी जुळवत होत्या. सव्वाआठ, मग पावणेदहा, मग समिती, मग चिठ्ठी. हिशेबात त्या पक्क्या होत्या, हे मला माहीत होतं, आणि त्या कुठं येऊन थांबणार हेही मला आधीच दिसलं.

“ती चिठ्ठी तुम्हीच नेऊन दिलीत,” त्या म्हणाल्या. “मी बघितलं.”

“हो.”

“तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं.”

“हो.”

त्यांनी टोपी घातली, नीट कानांवर ओढली. पिशवी उचलली. आवाज चढला नाही, हुंदकाही नव्हता.

“मग आत्ता मी तुमच्यापुढे दोनदा वाकले,” त्या म्हणाल्या, “तर तुम्ही मला वाकू दिलंत.”

आणि त्या गेल्या. आमच्याकडे निघताना शत्रूलाही मान लववतात. त्यांनी लववली नाही.